कात्रजचा गाण्याचा क्लास : आवाज आणि सभाधीटपणा यांच्या शिक्षणाचा इतिहास

पुणे शहराच्या दक्षिणेस, सातारा रस्ता घाटाला भिडण्यापूर्वी लागणाऱ्या कात्रजची इतिहासातील पहिली ठळक ओळख पाण्याची आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, इ.स. १७५० च्या आगेमागे, आंबील ओढ्यावर येथे तलाव बांधण्यात आले आणि दगडी बांधणीच्या बंदिस्त नळातून, जागोजाग ठेवलेल्या उच्छ्वासांच्या आधाराने, ते पाणी पेठांतील हौदांपर्यंत नेण्यात आले. संगीतशिक्षणाचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. गाणे शिकवणाऱ्या संस्था आधी पेठांत उभ्या राहिल्या, तेथे शिकलेल्यांनी उपनगरांत शिकवण्या सुरू केल्या, आणि शहर जसजसे सातारा रस्त्याने दक्षिणेकडे सरकले तसतसे हे वर्ग धनकवडी, कात्रज, आंबेगाव या भागांतील सदनिकांमध्ये पोचले.

कात्रजच्या एखाद्या वसाहतीत आज संध्याकाळी भरणाऱ्या गाण्याच्या क्लासकडे पालक आणि प्रौढ विद्यार्थी दोन गोष्टींची अपेक्षा ठेवून येतात. गळा तयार व्हावा, म्हणजे आवाज सुरात स्थिर, सशक्त आणि लवचीक व्हावा, ही पहिली. आणि चारचौघांत गाण्याची भीड मोडावी, जुन्या मराठीत ज्याला सभाधीटपणा म्हणतात तो अंगी यावा, ही दुसरी. या दोन्ही अपेक्षा एकत्रच उच्चारल्या जातात, म्हणून त्या एकाच शिक्षणातून पुऱ्या होत असाव्यात असा समज आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. आवाज घडवण्याची रीत गुरुगृही विकसित झाली आणि ती दीर्घ, वैयक्तिक सहवासावर उभी होती. सर्वसामान्य घरांतील मुलामुलींना सभाधीट करण्याचे काम विद्यालयांनी, म्हणजे घड्याळ, फी, फळा आणि परीक्षा यांच्या चौकटीत चालणाऱ्या वर्गांनी केले. आजचा क्लास या दोन परंपरांचा वारस असला, तरी दुसरीचा वारसा त्याला भरघोस मिळाला आहे आणि पहिलीचा अपुरा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ख्यालगायन शिकायचे तर दरबार किंवा उस्तादाचे घर गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. ग्वाल्हेरचे शिंदे सरकार या विद्येचे मोठे आश्रयदाते असल्याने महाराष्ट्रातील होतकरू गायकांचे पाय तिकडे वळत. पुढे सर्कशीचे संस्थापक म्हणून नाव कमावलेले विष्णुपंत छत्रे हेही ग्वाल्हेरला हद्दू खाँकडे गाणे शिकलेले होते, यावरून या ओढीची कल्पना येते. गुरूने शिष्याच्या मनगटावर गंडा, म्हणजे शिष्यत्वाचा धागा, बांधल्यावर शिक्षण सुरू होई. ते किती वर्षे चालेल आणि त्यात काय शिकवले जाईल, हे सर्वस्वी गुरूच्या मर्जीवर असे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ही ग्वाल्हेर गायकी कष्टाने मिळवली आणि ती दक्षिण महाराष्ट्रात आणून मिरजेस शिष्य तयार केले. महाराष्ट्रातील पुढच्या अनेक संगीतविद्यालयांची मुळे शोधू गेल्यास मिरजेतील या तालमीपाशी येऊन थांबावे लागते.

पुण्यातील सुशिक्षितांनी याच काळात निराळा मार्ग धरला. १८७४ साली स्थापन झालेल्या पुणे गायन समाजाचा हेतू व्यावसायिक गवई घडवण्याचा नव्हता, तर शिकलेल्या, प्रतिष्ठित वर्गात संगीताची अभिरुची निर्माण व्हावी आणि ही कला पद्धतशीर शिक्षणाचा विषय व्हावी, असा होता. बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे हे समाजाचे चिटणीस. समाजाच्या कार्याची माहिती देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ साली प्रसिद्ध झाला. या समाजाने किती गायक घडवले हा प्रश्न येथे गौण आहे. गाणे हा सभ्य माणसाने शिकण्याचा विषय आहे आणि तो शाळेत शिकवता येतो, हा विचार पुण्यात रुजवण्याचे श्रेय त्याला द्यावे लागते. त्या विचाराची आवश्यकता आज पटकन ध्यानात येत नाही. कारण गवयाचा पेशा आणि कलावंतिणीची मैफल यांच्याशी जोडल्या गेलेल्या कलेकडे मध्यमवर्गीय घर ज्या संशयाने पाहत असे, तो संशय आता स्मरणातूनही गेला आहे.

या विचाराला संस्थेचे पक्के रूप दिले ते बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबरांची दृष्टी लहानपणी शोभेच्या दारूच्या अपघाताने अधू झाली, त्यामुळे शालेय शिक्षणाचा मार्ग खुंटला आणि त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवांकडे पाठवण्यात आले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संस्थानिकाच्या आश्रयाऐवजी लोकांच्या वर्गणीवर, फीवर आणि तिकीट लावून केलेल्या जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ही संस्था होती. ठरलेला अभ्यासक्रम, वेळापत्रक, स्वरलिपी म्हणजे सूर-ताल कागदावर उतरवण्याची चिन्हपद्धती, स्वतःच्या छापखान्यात छापलेली क्रमिक पुस्तके, आणि ठरावीक वर्षांचा करार लिहून देऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा ‘उपदेशक वर्ग’, अशी तिची घडण होती. उपदेशक वर्गातून बाहेर पडणारा विद्यार्थी गवई होवो वा न होवो, शिक्षक मात्र होत असे. १९०८ साली मुंबईत निघालेले विद्यालय पुढे कर्जात बुडाले आणि त्याची वास्तू गेली; पण गावोगावी शाळा काढणारी शिक्षकांची पिढी तोवर तयार झालेली होती. कात्रजच्या क्लासात आज मुलांच्या हाती असलेली वही, तिच्यात मात्रांचे रकाने आखून लिहिलेली बंदिश आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भरायची फी या तिन्ही गोष्टी याच पिढीने रूढ केल्या.

आवाजाचा प्रश्न या शाळांच्याही आधी आणि अधिक तीव्रतेने उभा राहिला होता तो नाटक मंडळ्यांपुढे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला आणि त्यानंतर अर्धे शतक संगीत नाटक हाच मराठी माणसाचा गाणे ऐकण्याचा मुख्य मार्ग राहिला. ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला शब्द आणि सूर दोन्ही पोचवावे लागत. या गुणाला ‘फेक’ म्हणतात, आणि ती ओरडण्याने येत नाही. श्वास पुरवून सोडला, तोंड मोकळे राहिले आणि सूर नेमक्या जागी लागला, तरच आवाज न ताणता दूर जातो. स्त्रीभूमिका मुलगे आणि तरुण पुरुष करीत असल्यामुळे मंडळीचे भवितव्य कित्येकदा एखाद्या मुलाच्या गळ्यावर अवलंबून असे आणि तो गळा वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी दगा देण्याची टांगती तलवार कायम राही.

भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या आयुष्यात नेमके हेच घडले. गुजरातेतील कठोर या गावी जन्मलेला हा मुलगा गोड गळ्यामुळे किर्लोस्कर मंडळीत आला, स्त्रीभूमिका करू लागला, आणि वयात येताना त्याचा आवाज फुटला. आवाज फुटणे म्हणजे मुलाच्या स्वरयंत्राची वाढ होऊन स्वरतंतू लांब व जाड होणे आणि त्यामुळे आवाजाची पातळी सुमारे एका सप्तकाने खाली येणे. या संक्रमणात काही महिने गळा कोणत्याच सुरावर ठरत नाही, आणि रंगभूमीला थांबण्याची सवड नसते. मंडळीतील स्थान गेल्यावर भास्करबुवांनी नव्या आवाजाला नव्याने घडवण्याचा मार्ग पत्करला. बडोद्यास ग्वाल्हेर घराण्याचे फैज महंमद खाँ, नंतर आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि पुढे जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ, अशा तीन निरनिराळ्या शैलींच्या गुरूंकडे त्यांनी वर्षानुवर्षे तालीम घेतली. ग्वाल्हेरचा मोकळा आवाज, आग्र्याचे बोलांचे वजन आणि जयपूरची पल्लेदार, गुंतागुंतीची तान या तिन्हींचा संस्कार एका गळ्यावर झाल्याचे दुसरे उदाहरण त्या काळात क्वचित सापडेल. गेलेला आवाज हा शेवट मानला जात असताना, तो घडवण्याची वस्तू आहे हे या एका आयुष्याने सिद्ध केले, आणि म्हणून गायनशिक्षणाच्या इतिहासात भास्करबुवांचे स्थान त्यांच्या मैफलींइतकेच त्यांच्या या दुसऱ्या विद्यार्थिदशेमुळे मोठे ठरते.

पुण्यात १९११ साली त्यांनी स्थापन केलेली संस्था पुढे भारत गायन समाज या नावाने ओळखली जाऊ लागली. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर, गोविंदराव टेंबे हे त्यांच्याकडे शिकलेले. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत स्वयंवर’च्या चाली त्यांच्याच. बालगंधर्वांच्या गळ्यातून रागदारीवर बेतलेली ती पदे घराघरांत पोचली, आणि ऐकलेले पद आपल्याही गळ्यातून उतरावे अशी इच्छा कारकून, शिक्षक आणि गृहिणी यांच्या मनात जागी झाली. क्लासला लागणारा विद्यार्थीवर्ग रंगभूमीने तयार केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

सूर आणि आवाज यांकडे सर्वस्वी वेगळ्या दृष्टीने पाहणारी परंपरा किराणा घराण्याची. अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांनी १९१० साली बेळगावला आर्य संगीत विद्यालय काढले आणि थोड्याच वर्षांत ते पुण्यात आणले. विद्यार्थ्यांना ठेवून घेऊन शिकवणारे हे विद्यालय शाळा आणि गुरुगृह यांच्या मधले होते. या घराण्याचा सारा भर एकेक सूर स्थिर, नेमका आणि भरलेला लागण्यावर होता, आणि त्यासाठीचे मुख्य साधन होते तंबोरा. चार तारांपैकी पहिली बहुधा पंचमाला, मधल्या दोन मध्य षड्जाला आणि चौथी, पितळेची जाड तार खर्जाला, म्हणजे खालच्या सप्तकातील षड्जाला, मिळवतात. खुंटीने जवळपास आणलेला सूर तारेतील मणी सरकवून अचूक केला जातो. त्यानंतर घोडीवर, तारेच्या खाली, सुताचा बारीक दोरा सरकवत जवारी शोधतात. दोरा योग्य ठिकाणी आला की कोरडी वाजणारी तार एकाएकी उमलल्यासारखी बोलू लागते आणि तिच्या नादात वरचे सूक्ष्म स्वर ऐकू येतात. जो विद्यार्थी हे ऐकायला शिकला त्याच्या गळ्याला बरोबर काय आणि बेसूर काय हे सांगण्यासाठी शिक्षक समोर असण्याची गरज उरत नाही. या वाद्याचे माहेर मिरज. तेथील शिकलगार घराण्यातील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचा धंदा सोडून तंतुवाद्ये घडवायला घेतली, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

तंबोऱ्यावर करायच्या पहिल्या मेहनतीला खर्जसाधना म्हणतात. पहाटे, घसा तापलेला नसताना, मध्य षड्जापासून एकेक सूर खाली उतरत जायचे आणि प्रत्येक सुरावर ‘आ’कार लावून, दम पुरेल तोवर, आवाज न थरथरू देता थांबायचे. खालच्या सुरांवर स्वरतंतू सैल असतात आणि जोर करून काहीच साधत नाही. त्यामुळे श्वास हळूहळू, सारख्या दाबाने सोडण्याची सवय लागते. यालाच दमसास म्हणतात. त्यानंतर पलटे, म्हणजे सुरांच्या क्रमबद्ध जोड्या, आधी विलंबित आणि मग चढत्या लयीत. अब्दुल करीम खाँचे शिष्य सवाई गंधर्व (रामभाऊ कुंदगोळकर, १८८६–१९५२) यांनी भीमसेन जोशी यांना कुंदगोळच्या घरी काही वर्षे प्रामुख्याने तोडी, मुलतानी आणि पूरिया या तीनच रागांवर घोटून घेतले. सकाळ, दुपार आणि सायंकाळ यांचे हे राग गळ्याला कोमल-तीव्र सुरांच्या अवघड जागी दिवसभर हिंडवतात, आणि तेवढ्यावर तयार झालेला आवाज पुढे कोणताही राग पेलू शकतो, अशी त्यामागची दृष्टी. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला येत आणि एखादी लहानशी स्वराकृती कितीतरी दिवस घोटत. पुढे घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज जड, पुरुषी झाला, तरी त्यांनी तो लपवला किंवा बारीक करण्याचा अट्टहास केला नाही. त्याच्या नव्या पट्टीत, त्याच्या वजनानिशी, त्यांनी आपली गायकी उभी केली.

या पद्धतीची किंमतही होती. तिला वर्षे लागत, गुरूच्या घरी पाणी भरण्यापासूनची कामे करावी लागत, आणि ज्याला पोटापाण्याचा उद्योग आहे किंवा जिला घराबाहेर राहण्याची मुभा नाही त्यांच्यासाठी तिचे दार बंदच होते. ते दार किलकिले केले ते १९३२ साली पुण्यात सुरू झालेल्या गांधर्व महाविद्यालयाने. विष्णु दिगंबरांचे शिष्य विनायकराव पटवर्धन (१८९८–१९७५) बालगंधर्वांच्या मंडळीत नट-गायक म्हणून नावारूपास आले होते. ती लोकप्रियता बाजूला ठेवून त्यांनी ८ मे १९३२ रोजी ही संस्था काढली आणि उरलेले आयुष्य शिकवण्यात घातले. शनिवार पेठेतील या विद्यालयात विष्णु दिगंबरांचे पुत्र द. वि. पलुस्कर यांनीही धडे घेतले. विनायकरावांचे ‘राग विज्ञान’ सात भागांत प्रसिद्ध झाले आणि शिक्षकांच्या पिढ्यांनी ते हाताशी ठेवले. विद्यालयाच्या स्थापनेआधी एक वर्ष, विष्णु दिगंबरांच्या निधनाच्या साली, त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले होते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशी या मंडळाच्या परीक्षांची चढती श्रेणी आज गावोगाव परिचित आहे.

परीक्षेने गाण्याचे नुकसान केले, अशी तक्रार जाणकार वारंवार करतात, आणि तिच्यात तथ्य आहे. पाठ केलेले आलाप, मोजून बसवलेल्या ताना आणि परीक्षा संपताच विसरलेले राग हे दृश्य सर्वांच्या पाहण्यातले आहे. तरीही या तक्रारीत एक मोठी गोष्ट निसटते. प्रारंभिकला बसलेली आठ-दहा वर्षांची मुलगी परीक्षकाच्या, म्हणजे पूर्वी कधी न पाहिलेल्या माणसाच्या, समोर एकटी बसते. तबलजी नवा असतो, पेटीची पट्टी तिच्या सवयीची असेलच असे नाही. परीक्षक एखाद्या रागाचे आरोह-अवरोह विचारतात, छोटा ख्याल गायला सांगतात, मग त्रितालाचा ठेका हाताने धरून दाखवायला लावतात. सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर रिकामा हात. आणि लगेच तोच ठेका दुगुनीत, म्हणजे तेवढ्याच वेळात दोनदा. मधेच चुकले तर रडण्याची किंवा उठून जाण्याची सोय नसते. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पकडून पुढे जावे लागते. ज्या समाजात मुलीने मोठ्याने बोलणेही अप्रशस्त मानले जात होते, त्या समाजात असंख्य घरांतून मुलींना या खोलीपर्यंत आणून बसवण्याचे काम परीक्षापद्धतीने केले. गुरुगृहाने हे केले नव्हते आणि त्याच्या स्वभावानुसार ते करूही शकले नसते.

या बदलाला मैफलीच्या व्यासपीठावरूनही बळ मिळाले. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची कन्या हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांनी विष्णु दिगंबरांनी भरवलेल्या संगीत परिषदेत अगदी कोवळ्या वयात गायन केले आणि पुढे तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. साधी नऊवारी वा पाचवारी साडी, शांत बैठक, हातवारे नाहीत, आवाजात ओढाताण नाही, असे त्यांचे व्यासपीठावरील रूप पाहून कुटुंबवत्सल श्रोत्यांची भीड चेपली. त्यांचे बंधू सुरेशबाबू माने आणि त्या स्वतः यांच्याकडे पुण्यात शिकलेल्या प्रभा अत्रे (१९३२–२०२४) या विज्ञान आणि कायद्याच्या पदवीधर होत्या. गायिका, लेखिका आणि अध्यापिका या तिन्ही नात्यांनी त्यांनी केलेले काम पाहता दोन पिढ्यांत केवढे अंतर कापले गेले हे दिसते. अर्थात या प्रगतीला तिची मर्यादाही होती. ‘मुलगी पाहण्या’च्या कार्यक्रमात गाऊन दाखवण्यापुरतेच शिक्षण देणारी आणि लग्नानंतर तंबोरा माळ्यावर टाकणारी घरे काही थोडी नव्हती, आणि विशारदच्या उंबरठ्यावर थांबलेल्या अशा स्त्रियांनीच पुढे, मुले मोठी झाल्यावर, उपनगरांतील क्लास चालवले.

पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाली आणि आवाजाच्या आदर्शात पालट झाला. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर दर आठवड्याला प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ हे या पालटाचे सर्वांत मोठे उदाहरण. ग. दि. माडगूळकरांची छप्पन गीते आणि सुधीर फडके यांच्या चाली यांमध्ये शब्द अगदी कानाशी बोलल्यासारखे पोचत. ध्वनिग्राहकासमोर फेकीची गरज उरली नव्हती, शब्दोच्चार, श्वासाची जागा आणि भावानुकूल हळुवारपणा यांना मोल आले. क्लासात येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला अशी गाणी म्हणायची होती, आणि शिक्षकाकडे होती ती उघड्या मैदानासाठी आणि मोठ्या मैफलीसाठी घडलेली मेहनत. या दोहोंचा मेळ घालायचा तर आवाज प्रत्यक्षात निर्माण कसा होतो, हे ठाऊक असणे भाग होते.

त्या दिशेने सर्वांत गंभीर काम केले ते मिरजेत जन्मलेले आणि विष्णु दिगंबरांकडे शिकलेले प्रा. बी. आर. देवधर (१९०१–१९९०) यांनी. १९२५ साली मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक ही संस्था काढणाऱ्या आणि कुमार गंधर्वांना घडवणाऱ्या देवधरांनी पाश्चात्त्य संगीताचे शिक्षणही घेतले होते. युरोपात आवाजाचे शास्त्र उभे राहिले होते ते एका गायनशिक्षकामुळेच: मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ साली छोट्या आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू गाताना हलताना पाहिले आणि स्वरयंत्र तपासण्याची पद्धत जगाला दिली. देवधरांनी श्वासपटलाचा उपयोग, जबडा आणि जीभ सैल ठेवणे, आवाजाची नैसर्गिक पट्टी ठरवणे या गोष्टी मराठी विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत समजावल्या आणि ‘आवाज साधना शास्त्र’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्याकडे आवाजाचे शिक्षण घेतलेले डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी हा विचार गायकांबरोबर नट आणि वक्ते यांच्यापर्यंत नेला आणि त्यासाठी कार्यशाळांची वाट रूढ केली. एवढे होऊनही आवाजाच्या शास्त्राला परीक्षांच्या अभ्यासक्रमात रागांच्या माहितीइतके स्थान मिळाले नाही, ही या साऱ्या इतिहासातील खरोखर खंत वाटावी अशी त्रुटी आहे; कारण रागाची माहिती पुस्तकात सापडते, चुकीच्या पट्टीत वर्षानुवर्षे गाऊन बिघडलेला गळा मात्र पुस्तकाने दुरुस्त होत नाही.

दरम्यान कात्रजही बदलत होते. दूध संघ, घाटाच्या पायथ्याची एसटी-ट्रकची वर्दळ आणि भारती विद्यापीठाचा धनकवडी-कात्रज परिसरातील विस्तार यांनी गावाचे उपनगर केले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते महापालिकेच्या हद्दीत आले. डिसेंबर २००६ मध्ये देशातील पहिल्या बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव, मार्गांपैकी एक कात्रज-स्वारगेट-हडपसर असा सुरू झाला. येथे राहायला आलेल्यांत सातारा, सांगली, सोलापूरकडून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती आणि त्यांच्या कानावरचे पहिले गाणे हे बहुधा ख्यालाचे नव्हे, तर भजनाचे आणि कीर्तनाचे होते. वारकरी भजनाचा आवाज टाळ-मृदंगाच्या गजरावर चढून ऐकू जावा लागतो, म्हणून तो उंच पट्टीत, उघडा आणि समूहात मिसळणारा असतो. त्याचेही शिक्षण आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीला स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था हे त्याचे नामांकित केंद्र. अशा घरातील मूल क्लासात येते तेव्हा भीड त्याच्यात मुळातच कमी असते. भजनात पाच वर्षांचे पोरही अभंग म्हणते आणि त्याला कोणी परीक्षक नसतो. त्याला शिकायचे असते ते एकट्याचा सूर ऐकणे आणि आवाज न ताणता लावणे. पेठांतील घरातून आलेल्या मुलाची गरज कित्येकदा नेमकी याच्या उलट असते, आणि दोघांनाही एकाच सतरंजीवर, एकाच पेटीवर, एकाच पट्टीत बसवणे ही उपनगरी क्लासची रोजची अडचण आहे.

झी मराठी वाहिनीवरील ‘सा रे ग म प’च्या ‘लिटिल चॅम्प्स’ पर्वाने २००८-०९ मध्ये मुलांच्या क्लासची मागणी एकदम वाढवली. आळंदीच्या वारकरी घरातील कार्तिकी गायकवाड त्या पर्वाची विजेती ठरली, हे वरील संदर्भात लक्षणीय आहे. त्या झगमगाटातून आलेली घाई मात्र मुलांच्या गळ्याला मानवणारी नव्हती. आवाज फुटण्याच्या वयातील मुलाला जुन्या जाणत्या शिक्षकांनी मोठ्याने गाऊ दिले नसते. त्याला मधल्या सप्तकात हलक्या आवाजात ठेवून पेटी, तबला, ताल यांत गुंतवले असते. स्पर्धेची तारीख ठरलेली असताना हे पथ्य पाळणे अवघड होते.

साधनेही बदलली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत तयार झालेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने सदनिकेतील जागेचा आणि मिरजेच्या तंबोऱ्याच्या निगेचा प्रश्न सोडवला. आता तेच काम भ्रमणध्वनीतील अ‍ॅप करते. सूर त्यात पक्का मिळतो, पण जवारी शोधताना होणारे कानाचे शिक्षण बंद पडते. २०२० साली टाळेबंदीत क्लास पडद्यावर गेले तेव्हा दुसरी उणीव उघडी पडली: आवाज पोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या विलंबामुळे गुरू-शिष्यांना एकत्र गाता येईना, एकाने गाऊन थांबायचे आणि दुसऱ्याने नक्कल करायची एवढेच उरले. परगावी, परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही सोय आजही चालू आहे, आणि तिचा उपयोग नाकारता येत नाही. पण सुरात सूर मिसळून चूक जागच्या जागी सावरण्याची जी जुनी रीत होती ती तिच्यात बसत नाही.

कात्रजच्या क्लासांत अलीकडे संख्येने वाढलेला वर्ग चाळिशी-पन्नाशीच्या प्रौढांचा आहे. निवृत्त शिक्षिका, सोसायटीच्या गणेशोत्सवात गाऊ इच्छिणारे, कचेरीत बोलताना घसा आवळतो म्हणून आलेले असे हे विद्यार्थी परीक्षेसाठी येत नाहीत. अनुभवी शिक्षक त्यांच्याकडून पहिल्या दिवशी गाणे म्हणून घेत नाहीत. पेटीवर काळी एकपासून एकेक पट्टी वर-खाली करत, विद्यार्थ्याने साध्या बोलण्याच्या आवाजात ‘सा’ धरून पाहायचा. पुरुषाला तो बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास, स्त्रीला काळी चार-पाचच्या आसपास सापडतो. खालचा पंचम आणि वरचा पंचम दोन्ही आवाज न दाबता लागले, की ती त्या माणसाची पट्टी. पुढचे दोन-तीन महिने त्या पट्टीत फक्त ‘सा’, मग ‘सा’ आणि ‘प’, मग खालचा ‘प’. ऐकणाऱ्याला यात गाणे दिसत नाही, आणि फी भरलेल्या पन्नाशीच्या माणसाला सोसायटीच्या कार्यक्रमाची घाईही असते. तरी जे शिक्षक हा हट्ट सोडत नाहीत त्यांच्याकडे वर्षअखेरीच्या छोट्या मैफलीत हे विद्यार्थी शेजाऱ्यांसमोर एकेक अभंग किंवा भावगीत म्हणतात, कागद हातात न धरता, स्वतःच्या पट्टीत.